सातबाऱ्यावर 'पड' : दुधनेच्या खोऱ्यातील एका शंकरपटाच्या मैदानाचे आणि त्याच्या परिसराचे प्रकरण

परभणी जिल्ह्यात दुधना नदीच्या खोऱ्यात वसलेल्या एका गावाच्या गायरानावर दरवर्षी महाशिवरात्रीच्या यात्रेत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरतो. या गायरानाची सौरऊर्जा प्रकल्पासाठी पाहणी झाली, तेव्हा पाहणी करणाऱ्यांच्या हातातील कागदावर जमिनीचे वर्णन एका शब्दात होते : पड. त्या शब्दावर ग्रामसभेत दोन तास चर्चा झाली आणि शेवटी या जागेचा पूर्वइतिहास लिहून काढण्याचे काम चार जणांवर सोपवण्यात आले, त्यांपैकी एक मी. मी याच गावात वाढलो, आयुष्यभर शिक्षकी केली आणि निवृत्तीनंतर गावातच राहतो. जमिनीचा निर्णय अद्याप पूर्ण झालेला नसल्यामुळे गावाचे आणि कोणाही व्यक्तीचे नाव येथे घेतलेले नाही. अशी मैदाने मराठवाड्यात गावोगाव आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांची अवस्था कागदावर हीच असणार, म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडावेसे वाटले.

प्रथम जमिनीविषयी. आमच्या शिवारात नदीकडची जमीन भारी काळी आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुततो. अशा जमिनीवर पट भरवता येत नाही, कारण भेगेत खूर अडकला तर बैल जन्माचा अधू होतो. गावाच्या उत्तरेला मात्र जमीन चढत जाते, काळ्या मातीचा थर वीतभर उरतो आणि त्याखाली बेसाल्ट खडक झिजून झालेला पिवळसर तांबूस मुरूम लागतो. पाणी न धरणारी, पेरले तरी पदरात काही न टाकणारी ही बरड जमीन पूर्वजांनी गुरांना सोडली आणि ती गायरान झाली. मुरूम दबून घट्ट होतो, पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी कोरडा होतो आणि खुराला पकड देतो. शेतीला जी जमीन निकामी ठरली तीच धावायला उत्तम निघाली, आणि मोकळी, सपाट, वीज उपकेंद्राजवळची असल्यामुळे पुढे सौरपट्ट्यांनाही तीच सोयीची दिसली. या प्रकरणातील सगळ्या तंट्याचे मूळ जमिनीच्या या गुणात आहे.

आता कागद. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या काळचे महसुली दप्तर मुख्यतः उर्दूत आहे. गावात आज उर्दू वाचणारी दोनच वृद्ध माणसे आहेत, त्यांपैकी एकांनी चष्म्यावर भिंग धरून आम्हांला तीन दिवस जुन्या नकला वाचून दाखवल्या. त्यांतून एवढे कळले की हा गट गुरांच्या चराईसाठी राखलेला होता. संस्थान विलीन झाल्यानंतर १९५४-५५ मध्ये खासरा पाहणी झाली आणि मराठवाड्यातील बहुतेक जमिनींचा वाद आजही जेथे जाऊन थांबतो तो कागद हाच. त्यातही गायरान आणि पडीक एवढेच. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली, सातबारा आला, संगणकीकरण झाले, परंतु वर्णन बदलले नाही. बदलण्याचे कारणही नव्हते, कारण सातबाऱ्यात पिकाला रकाना आहे, पडीला रकाना आहे, विहिरीला आणि झाडालाही जागा आहे. वर्षातून चार दिवस हजारो माणसे जेथे जमतात आणि उरलेले दिवस जेथे गुरे चरतात, अशा वापराला रकाना नाही. तलाठ्याने खोटे काही लिहिले नव्हते. त्याच्या नमुन्यात जेवढे मावते तेवढेच त्याने लिहिले.

कागद संपल्यावर आम्ही माणसांकडे वळलो. गावातील म्हाताऱ्या माणसांना सन आठवत नाही, घटना आठवतात. त्यामुळे 'रझाकारीच्या आधी', 'बहात्तरच्या दुष्काळात', 'भूकंपाच्या साली' अशा खुणांनीच कालक्रम लावावा लागला. पंचाऐंशी ओलांडलेल्या एका आजोबांनी सांगितले की त्यांच्या लहानपणी पट होत असे आणि बक्षीस म्हणून पितळी घागर व फेटा मिळत असे. त्या वेळी दोन जोड्या शेजारी शेजारी सोडत आणि निकालावरून दरवर्षी भांडण होई. हाती धरायचे सेकंदाचे घड्याळ आले तेव्हापासून एकेक जोडी सोडून वेळ मोजू लागले आणि भांडणे घड्याळ धरणाऱ्यावर आली. या आठवणीला दुजोरा देणारी एक वस्तू त्यांच्या घरातच निघाली : देवघरातील घागर. तिच्या काठावर ठोकून काढलेली अक्षरे घासून गेलेली आहेत, तरी 'पट' एवढे वाचता येते.

दुसरा पुरावा जमिनीत होता. धावपट्टीच्या दक्षिण अंगाला, सुरुवातीच्या रेषेपासून तीस-पस्तीस पावले आत, गुडघ्याएवढा एक काळा दगड पुरलेला आहे. त्याला शेंदूर लावलेला असल्यामुळे सगळे त्याला देव समजत आणि पटाच्या दिवशी नारळ फोडत. देव धावपट्टीच्या मधोमध कसा, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्याचे उत्तर पट कमिटीच्या लोखंडी पेटीत मिळाले. पेटीतील सर्वांत जुनी वही बहात्तरच्या दुष्काळानंतरची आहे आणि तिच्या पहिल्याच पानावर, शाई पसरलेल्या अक्षरांत, तलावामुळे पट दक्षिणेस सरकवला अशा अर्थाची नोंद आहे. १९७२ च्या दुष्काळात कामावर आलेल्या माणसांनी उत्तरेच्या उतारावर पाझर तलावाचा बांध घातला. आधी जेथे धावून आलेले बैल दम खाऊन थांबत ती मोकळी जागा बांधाखाली गेली, म्हणून सगळी धावपट्टी मागे सरकवावी लागली आणि सुरुवातीचा दगड तिच्या आत राहिला. शेंदूर लावलेला तो दगड बहात्तरपूर्वीच्या पटाची सुटण्याची खूण आहे. मला स्वतःला या संपूर्ण शोधात याहून समाधान देणारे काही सापडले नाही.

त्या वह्यांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. प्रत्येक पानावर जोडीच्या मालकाचे नाव, गाव, धुरकऱ्याचे, म्हणजे जोडी हाकणाऱ्याचे नाव, बैलांचे वय दातांवरून, म्हणजे आदत, दुसा किंवा चौसा, आणि शेवटी वेळ. मागच्या बाजूला वर्गणीचा हिशोब : कोणी पायलीभर ज्वारी दिली, कोणी मांडवाची बल्ली, कोणी पाण्याचा टँकर. हलगी वाजवणाऱ्यांची बिदागी वेगळी लिहिलेली आहे. मालकांच्या गावांची नावे एकत्र लिहिली तेव्हा परभणी, जालना, हिंगोली आणि बीड या चार जिल्ह्यांतील वाटा या मैदानाकडे येत होत्या हे उघड झाले. बैलांच्या जातीही नोंदींतून बदलत गेलेल्या दिसतात. आरंभीच्या पानांवर 'लाल' असे जे लिहिले आहे ते नांदेडकडचे लाल कंधारी बैल, आणि 'बांडा' असे लिहिले आहे ते बहुधा लातूरकडचे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे देवणी. दोन्ही जाती कामाच्या. आठवडाभर औत ओढलेली जोडीच यात्रेच्या दिवशी पटाला उभी राहत असे. नंतरच्या वह्यांत खिल्लार वाढत जातो. खिल्लार चपळ, उंच, तापट, आणि पटासाठी वेगळा पाळलेला. ट्रॅक्टर आल्यावर औताचे बैल कमी झाले आणि पटाचा बैल औताच्या बैलापासून तुटला, हा बदल वहीत कोणी लिहून ठेवलेला नाही, पण पाने उलटताना तो डोळ्यांना दिसतो.

मैदानाभोवतीचा परिसर सोडून मैदानाचा इतिहास लिहिता येणार नाही, कारण या जागेवर हक्क सांगणारी दुसरी माणसे धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर आहेत. गायरानाच्या पूर्व आणि पश्चिम कडांवर गावातील भूमिहीन कुटुंबे, बहुतेक दलित आणि काही पारधी, तीन पिढ्यांपासून लहान लहान तुकडे कसतात. दगड वेचून, बांध घालून त्यांनी त्या बरडावर ज्वारी, तूर आणि ओल असेल तेथे हरभरा घेतला. महाराष्ट्रात भूमिहीनांच्या जमिनीचा प्रश्न दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेल्या सत्याग्रहाने देशासमोर आणला, आणि मराठवाड्यातील खेड्यांत त्याआधीपासून हा लढा चालू होता. पुढे शासनाच्या २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. आमच्या गावात काहींच्या नावे जमीन झाली. ज्यांच्याकडे अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाची पावती नव्हती किंवा पंचनाम्यात ज्यांचे नाव आले नाही त्यांचे अर्ज राहिले ते राहिलेच.

या कुटुंबांचे आणि पट कमिटीचे कधी पटले नाही, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. यात्रा येते तेव्हा हरभरा घाट्यात असतो. गर्दी बांध ओलांडते, टेम्पो वावरात उभे राहतात, घाटे तुडवले जातात. कमिटीत वजनदार शेतकऱ्यांची घरे, तुडवले जाणारे पीक भूमिहीनांचे. भरपाई कधी कोणी दिली नाही आणि मागण्याचे धाडसही फार थोड्यांनी केले. वर्गणी, बिदागी, नारळ, फुले यांचा पैशापैशाचा हिशोब ठेवणाऱ्या त्या वह्यांत या नुकसानीची एकही ओळ नाही. मैदानाचा इतिहास अभिमानाने सांगताना ही कोरी जागाही दाखवली पाहिजे, असा आग्रह मी चौघांच्या बैठकीत धरला आणि तो मान्य झाला.

यानंतर बंदीची वर्षे येतात, आणि माझ्या मते आजच्या पेचाचे बीज याच काळात पडले. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने प्रदर्शन व कसरतीसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबरच बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, परंतु उच्च न्यायालयाने शर्यतींना स्थगिती दिली आणि प्रश्न पुन्हा दिल्लीला गेला. न्यायालयापुढे मांडलेले क्रौर्य काल्पनिक नव्हते. पराणीला खिळा लावणे, शेपूट पिरगाळणे, बॅटरीचा करंट देणे हे प्रकार आमच्या मैदानावरही मी पाहिले आहेत, आणि ते थांबायलाच हवे होते.

पण मैदान ओस पडल्यावर त्याचे काय होते, हे आम्ही त्या सात-आठ वर्षांत पाहिले. पहिल्या दोन पावसाळ्यांत वेडी बाभूळ उगवली. तिसऱ्या वर्षी रस्त्याच्या कामासाठी रात्री मुरूम उचलला जाऊ लागला. कोणाच्या परवानगीने, हे विचारायला कोणी गेले नाही, कारण जागा कोणाच्या वापरातच नव्हती. धावपट्टीच्या उत्तर टोकाला पुरुषभर खोल तीन खड्डे झाले. त्यांतील एका खड्ड्याची भिंत मी जवळून पाहिली आहे. वरचा चार बोटे थर इतका घट्ट दबलेला आहे की त्यात टिकावाचे टोक शिरत नाही, त्याखाली मोकळा भुसभुशीत मुरूम. पिढ्यान्पिढ्यांच्या खुरांनी आणि चाकांनी केलेला तो थर आडवा कापलेला समोर दिसत होता, आणि रकान्यात न मावणारा वापर जमिनीने स्वतःच्या अंगावर लिहून ठेवला होता. खड्ड्यांत पाणी साचले, तेथे एक वासरू बुडाले, मग गावाने तिकडे कचरा टाकायला सुरुवात केली. उपग्रहाच्या चित्रात आज जी तपकिरी, ओसाड जागा दिसते ती मुळात ओसाड नव्हती, या काही वर्षांत तशी झाली.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात नियमांच्या अधीन राहून शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या कायद्यातील दुरुस्त्या वैध ठरवल्या. नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, अंतर एक हजार मीटरपेक्षा अधिक ठेवता येत नाही, पशुवैद्यकीय तपासणी होते आणि बैलाला मारणे, टोचणे वा इजा करणे यास मनाई आहे. आमचा पट दीडशे मीटरच्या आतबाहेरचा, त्यामुळे अंतराचा प्रश्न नव्हता. प्रश्न खड्ड्यांचा होता. तरुणांनी ट्रॅक्टर लावून बाभळी उपटल्या, खड्डे भरले, पाणी मारून रोलर फिरवला. पहिल्या वर्षी भरावाची जागा पुरेशी दबली नव्हती, म्हणून धावपट्टी पुन्हा थोडी सरकवली. त्या वर्षी पराणीविना बैल धावले आणि वेळेत फारसा फरक पडला नाही, हे वहीवरून दिसते. ज्यांना हा खेळ टिकावा असे वाटते त्यांनी ही नोंद मोठ्या अक्षरांत लावून ठेवावी.

अशा वेळी सौरप्रकल्पाची पाहणी आली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचा आहे, आणि रात्री दोन वाजता कडाक्याच्या थंडीत बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला गेलेल्या, साप-विंचवाच्या भीतीने पाऊल टाकणाऱ्या शेतकऱ्याला या उद्देशाचे मोल सांगावे लागत नाही. प्रकल्पाला विरोध गावात कोणाचाच नव्हता. योजनेत खासगी जमीन भाड्याने घेण्याची तरतूद आहे, त्यासाठी हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे व दरवर्षी तीन टक्के वाढ ठरलेली आहे. शासकीय जमीन मात्र नाममात्र दराने मिळते. त्यामुळे पाहणी करणाऱ्यांची पहिली नजर गायरानाकडे जाणे स्वाभाविक होते. दुसरीकडे, गायरान व सार्वजनिक वापराच्या जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी दिलेल्या निकालानंतर राज्य शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढून गायरान अन्य कामासाठी देण्यावर मर्यादा घातल्या. सार्वजनिक प्रयोजनासाठी दुसरी जमीन उपलब्धच नसेल तर तिचा विचार व्हावा, असे त्याचे सार आहे. म्हणजे आमच्यापुढचा खरा प्रश्न असा होता : जवळपास दुसरी जमीन आहे का, आणि ही जमीन खरोखर रिकामी आहे का?

ग्रामसभेत एका तरुणाने विचारले की मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा वाद वर्तमानपत्रांत एवढा गाजतो, मग आपल्या मैदानाचे कोणी का ऐकत नाही. तुलना मोठी असली तरी उपयोगाची होती. महालक्ष्मी येथे १८८३ पासून घोड्यांच्या शर्यती होतात. त्या जागेचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा १९१४ पासून होता आणि तो २०१३ मध्ये संपला. त्यानंतर सुमारे अकरा वर्षे वाटाघाटी झाल्या आणि २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर शर्यतींच्या क्लबकडे २०५३ पर्यंत, असा तोडगा निघाला. त्या वाटणीविषयी मतभेद आहेतच, परंतु भाडेपट्टा होता म्हणून बोलण्याला सुरुवात कोठून करायची हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. आमच्याकडे भाडेपट्टा नाही, संस्था नाही, नकाशा नाही. आहे ती एक पेटी, एक घागर, एक दगड आणि खड्ड्याची भिंत.

तेवढ्यावरच आम्ही नकाशा तयार केला. धावपट्टी, जुना दगड, तलावाचा बांध, गुरांची वाट, पूर्व-पश्चिमेची कसलेली वावरे आणि खड्डे हे सर्व फीत धरून मोजले. वावरांच्या नोंदी करायला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी कोणी बोलायला तयार नव्हते. २०२२ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिल्यानंतर नोटिशींची जी भीती पसरली होती ती अजून गेलेली नव्हती, आणि हातात फीत घेतलेला माणूस म्हणजे संकट, हा त्यांचा अनुभव होता. एका आजीने स्पष्टच विचारले, "गुरुजी, तुमी बैलासाठी मोजायले का आमाला उठवायसाठी?" तिला दिलेले उत्तर आम्हांला ठरावात लिहावे लागले, नाहीतर तिने आणि इतरांनी सही केली नसती. मैदान वाचवायचे असेल तर कडेची वावरेही त्याच नकाशात वाचली पाहिजेत, असे ठरावाचे दुसरे कलम झाले. कमिटीतील काहींना ते जड गेले. तरीही ज्या दोन बाजू पन्नास वर्षे एकमेकींकडे पाठ करून होत्या त्यांनी एका कागदावर सह्या व अंगठे केले.

ठराव, नकाशा आणि वह्यांच्या साक्षांकित प्रती वरच्या कार्यालयात दिल्यानंतर पुन्हा पाहणी झाली. उपकेंद्रापासून थोड्या अधिक अंतरावर असलेली एका शेतकऱ्याची खासगी बरड जमीन प्रकल्पासाठी तपासण्यात आली. भाडे मिळणार असल्याने मालकाची तयारी आहे आणि ती जागा पसंत पडल्याचे तोंडी कळले आहे. लेखी काही हाती आलेले नाही. सातबाऱ्यावर शंकरपटाच्या वापराची नोंद घ्यावी, ही विनंती नमुन्यात तशी तरतूद नाही म्हणून परत आली. वावरे कसणाऱ्यांचे जुने अर्ज पुन्हा वर काढण्यात आले असून त्यांपैकी चौघांकडे दंडाच्या पावत्या निघाल्या. एक पावती तर पत्र्याच्या डब्यात, धान्याखाली ठेवलेली होती. बाकीच्यांसाठी आमच्या वह्या उपयोगी पडू शकतील, कारण दोन ठिकाणी धावपट्टीची हद्द सांगताना 'पूर्वेस अमक्याचे वावर' असे लिहिलेले आहे आणि त्यावरचे साल १९९० च्या आधीचे आहे.

यंदाच्या पटासाठी कमिटीने नवी वही घातली. तिच्या पहिल्या पानावर बैलजोड्यांच्या आधी पूर्वेकडील तीन वावरांची नोंद आहे : किती ओळी हरभरा तुडवला गेला, आणि त्याबद्दल वर्गणीतून किती पैसे कोणाच्या हाती दिले.